‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ : वातावरणाचा विचार

आपल्या समीक्षेत काही शब्द असे आहेत की, ते वापरले म्हणजे विचार करण्याचे श्रम वाचतात. ‘वातावरण’ हा त्यांपैकी एक होय. एखाद्या कथेत फारसे काही घडत नाही, पात्रेही ठळक होत नाहीत, तथापि ती वाचून झाल्यावर मनावर काहीतरी रेंगाळत राहते. अशा वेळी ‘लेखकाने वातावरणनिर्मिती उत्तम साधली आहे’ असे लिहून आपण मोकळे होतो. ते वातावरण कशाचे बनले आहे, कोणत्या शब्दामुळे ते आले आणि कोणता शब्द काढला असता ते नाहीसे झाले असते, हे सांगण्याची जबाबदारी आपण सहसा घेत नाही. शाळेतील उत्तरपत्रिकांतून हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे, आणि वर्गात ते इतक्या वेळा उच्चारलेही आहे, की या दोषाची चर्चा मी परक्याचा दोष म्हणून करू शकत नाही.

या शब्दाची तपासणी करावयाची तर साहित्यकृती हे सोयीचे क्षेत्र नव्हे. तेथे शब्दांना अर्थ असतात, आणि ‘संध्याकाळ’, ‘ओसाड’, ‘पाचोळा’ यांसारखे शब्द आपल्याबरोबर तयार भाव घेऊनच येतात. संगीताकडे वळावे तर आपल्या संगीतातही हीच अडचण निराळ्या रूपाने उभी राहते. मारवा ऐकताना जी कातरता जाणवते ती कोमल ऋषभाच्या आणि शुद्ध धैवताच्या नात्यातून येते, की ‘हा सायंकालीन राग आहे’ या बालपणापासूनच्या संस्कारातून येते, हे प्रामाणिकपणे सांगणे कठीण आहे. म्हणून ज्या संगीताचे संकेत आपल्या अंगवळणी पडलेले नाहीत, ज्यात शब्द नाहीत, आणि तरीही ज्याची कीर्ती मुख्यतः त्याच्या वातावरणासाठी आहे, असे एखादे उदाहरण घेऊन पाहावे असे मला वाटले. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही अमेरिकन पियानोवादक बिल एव्हान्स याची ध्वनिमुद्रिका मी या हेतूने निवडली. गेले काही महिने ती मी पुनःपुन्हा ऐकत आहे, आणि त्या श्रवणातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

प्रथम तपशील. हे ध्वनिमुद्रण २५ जून १९६१ रोजी, रविवारी, न्यूयॉर्कमधील ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातील लहानशा जॅझ क्लबमध्ये श्रोत्यांसमोर झाले. पियानोवर स्वतः एव्हान्स, बासवर स्कॉट लाफॅरो आणि ड्रमवर पॉल मोशन असे तिघेच वादक होते. बास म्हणजे माणसाहून उंच असे उभे तंतुवाद्य. जॅझमध्ये ते बहुधा बोटांनी छेडून वाजवितात. त्या दिवशी दुपारी दोन आणि सायंकाळनंतर तीन अशी एकूण पाच सत्रे झाली. ‘रिव्हरसाइड’ कंपनीचे निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी ती मुद्रित करून घेतली. त्या मुद्रणांतून १९६१ मध्येच ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ ही एक ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९६२ मध्ये प्रस्तुत ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. पुढे २००५ मध्ये त्या दिवसाचे सारे मुद्रण तीन तबकड्यांच्या संचात उपलब्ध झाले. मूळ मुद्रिकेच्या दोन बाजूंवर तीन-तीन अशा सहा रचना आहेत. त्यांपैकी एकच, शीर्षकाची, एव्हान्सची स्वतःची आहे. त्याने ती आपल्या लहान पुतणीच्या नावे केली होती. इतर रचना चित्रपटांतील, संगीत-नाटकांतील आणि समकालीन जॅझमधील आहेत. म्हणजे पाच रचनांत कलावंताने चाल घेतली आहे दुसऱ्याची. त्याचे स्वतःचे जे आहे ते चाल मांडण्याच्या रीतीत आहे. आपल्याकडील रसिकाला हे नवे वाटू नये. बंदीश जुनीच असते आणि मैफल नवी असते.

जॅझचा आणि मराठी कानाचा संबंध काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. तो संबंध वाटतो त्याहून जुना आहे. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादक येऊन वाजवू लागले. टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक त्यांतलाच. त्यांच्या सहवासात गोव्याहून मुंबईस आलेले वादक तयार झाले. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले हे कोकणी भाषक वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. पुणतांब्याचे आपले रामचंद्र चितळकर यांनी ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाची साथ घेतली, आणि शंकर-जयकिशन यांच्या गीतांमागील वाद्यमेळ दीर्घकाळ सेबॅस्टियन डिसोझा यांनी रचला. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये मुंबईस आला तेव्हा सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर त्याने वादनही केले. म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर वाजणे, ज्याला पाश्चात्त्य संगीतात हार्मनी म्हणतात, ते आपल्या दोन-तीन पिढ्यांनी नकळत ऐकलेले आहे. मात्र ते आपण गीताच्या मागे ऐकले. ते पुढे आणून त्याकडेच लक्ष द्यावे असा प्रसंग आपणावर क्वचितच आला.

आता श्रवणाविषयी. पहिल्या खेपेस ही ध्वनिमुद्रिका मी ऐकली असे म्हणणे खोटे ठरेल. ती वाजत असताना मी वह्या तपासत होतो. संगीत गोड होते, आणि ते केव्हा संपले ते मला कळले नाही. मोठ्या हॉटेलात जेवताना जे ऐकू येते तसलेच हे काहीतरी आहे, असे माझे मत झाले. हे मत चुकीचे होते. पण ते का झाले याचा विचार करण्यासारखा आहे. आपल्या मैफलीत तान आली, समेवर झडप पडली, म्हणजे श्रोत्याचे लक्ष आपोआप वेधले जाते. हे वादक श्रोत्याला तशी हाक मारीत नाहीत. त्यांचा आवाज बहुतेक वेळ मध्यम पातळीच्या खालीच असतो. लक्ष न देता राहण्याची मुभा ते श्रोत्याला देतात, आणि ही मुभा घेणाऱ्याला वातावरणापलीकडे काही मिळत नाही. म्हणून दुसऱ्या खेपेपासून मी एक नियम केला : एका वेळी एकाच वाद्याकडे लक्ष द्यावयाचे. पहिल्यांदा सबंध रचना फक्त बाससाठी, मग फक्त ड्रमसाठी, मग पियानोच्या उजव्या हातासाठी, मग डाव्या हातासाठी. हा नियम शाळामास्तरी आहे हे मान्य. परंतु त्याने माझे काम झाले.

पहिली रचना ‘माय फूलिश हार्ट’. ही १९४९ च्या एका चित्रपटातील प्रेमगीताची चाल आहे. लय अतिविलंबित. पियानो या वाद्याची एक मर्यादा आपणास ठाऊक आहे : एकदा पट्टी दाबली की स्वर जन्मतो आणि लगेच मरू लागतो. त्याला खेचता येत नाही, वाकवता येत नाही, त्यावर मींड नाही. याच कारणासाठी आपल्याकडे पट्टीच्या वाद्यांविषयी दीर्घकाळ अढी होती. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनिअमवर घातलेली बंदी सुमारे तीन दशके टिकली. एव्हान्स या मर्यादेशी झगडत नाही. तो स्वराच्या मरणाचाच उपयोग करतो. पायाखालच्या पेडलने तो एका स्वरसंघाचा अवशेष धरून ठेवतो आणि तो विरत असतानाच पुढील स्वरसंघ त्यात सोडतो. दोन स्वरसंघांतील बहुतेक स्वर तेच राहतात. आतला एखादाच स्वर अर्ध्या स्वराने खाली किंवा वर सरकतो. वरची चाल स्थिर असते आणि तिच्या पोटात ही हालचाल चालते. मींड नाही, पण मींडेने जे साधते त्याच्या जवळपासचे काही या सरकण्याने साधते. कान आपोआप त्या आतल्या स्वराचा माग काढू लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट डाव्या हाताची. स्वरसंघाचा जो मूळ स्वर, ज्याच्यावर तो उभा असतो, तो एव्हान्स पुष्कळदा वाजवितच नाही. तो स्वर बासने द्यावा अशी त्याची योजना असते. लाफॅरो तो देतो. पण लगेच देतोच असे नाही, आणि दिल्यावर तेथे थांबतोच असेही नाही. या पहिल्या रचनेत तो फार थोडे स्वर वाजवितो, आणि प्रत्येक स्वर खोल व लांब असतो. परिणाम असा होतो की पियानोचे स्वर क्षणभर अधांतरी राहतात आणि मग खालून त्यांना जमीन मिळते. पुनःपुन्हा घडणारा हा लहानसा विलंब, हे टेकणे, आणि त्याभोवती मोशनच्या तारांच्या ब्रशांची सळसळ व झांजेचा सैल झंकार, एवढ्यावर ही रचना उभी आहे. रसिकांनी ‘धुके’, ‘चांदणे’ अशी विशेषणे तिला खुशाल द्यावीत. पण ते धुके म्हणजे न वाजविलेला मूळ स्वर आहे, हे एकदा कळले की विशेषणाची गरज कमी होते. उलट हेही सांगितले पाहिजे की, हे कळल्याने माझा आनंद उणावला नाही. विश्लेषणाने आस्वाद मरतो अशी आपल्यात एक समजूत आहे. माझा अनुभव या ठिकाणी तरी तिच्या विरुद्ध आहे.

दुसरी, शीर्षकाची रचना लयीच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचे नृत्य. आरंभी पियानो व बास ही दोनच वाद्ये ती चाल तीन मात्रांच्या अंगाने, किंचित सैल ठेवून मांडतात. मुलाला उद्देशून केलेल्या रचनेत जो लाडिकपणा येण्याचा धोका असतो तो येथे क्षणभर जवळ येतो. तेवढ्यात ड्रम सुरू होतो, आणि पुढील विस्तार चार मात्रांत चालू लागतो. चाल तीच, स्वरसंघांचा क्रम तोच. पण पाऊल बदलले. दादऱ्यात मांडलेली चीज पुढे केरव्यात विस्तारावी तसे काहीसे हे आहे. या बदलाने रचना भावविवशतेतून सुटते. प्रौढ माणसाने मुलाकडे प्रेमाने पाहिले आणि मग तो आपल्या चालीने चालू लागला, असे काहीसे मला वाटते. हा माझा अर्थ आहे, रचनेचा नव्हे. पण तीनवरून चारवर येणे ही गोष्ट माझी नाही. ती कोणीही मोजून पाहावी.

पाचवी रचना ‘सम अदर टाइम’ ही मला या मुद्रिकेतील सर्वांत मोलाची वाटते. लिओनार्ड बर्नस्टाइन याने १९४४ च्या एका संगीत-नाटकासाठी ती केली होती. तिच्या तळाशी दोनच स्वरसंघ आळीपाळीने येत राहतात. बासच्या भाषेत सांगायचे तर एक षड्ज, एक पंचम, पुन्हा षड्ज, पुन्हा पंचम. हीच योजना एव्हान्सने १९५८ मध्ये ‘पीस पीस’ या एकल वादनात केली होती, आणि माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) या विख्यात ध्वनिमुद्रिकेतील शेवटच्या रचनेचा आरंभही याच जातीचा आहे. हे ऐकताना मराठी श्रोत्याला तंबोरा आठवल्यावाचून राहणार नाही. मलाही तो आठवला, आणि काही दिवस मी या साम्यावर खूष होतो. परंतु साम्याने खूष होणे ही तुलनेची पहिली पायरी आहे. तेथेच थांबलो तर आपण परक्या कलेत स्वतःचा चेहरा पाहून परत येतो. फरक असा की तंबोऱ्यात षड्ज-पंचम एकमेकांत मिसळून एक अखंड पट तयार होतो, आणि गायकाचा स्वर त्या पटावर उमटतो. पट स्वतः काही बोलत नाही. येथे पंचम आला की षड्जाची अपेक्षा निर्माण होते, षड्ज आला की ती पुरी होते. श्वास घेणे आणि सोडणे अशी ती गती आहे. शिवाय मूळ चाल मधूनच या झुल्यातून बाहेर पडते, दूरच्या स्वरसंघांत जाऊन येते, आणि परतल्यावर तोच झुला पुन्हा सुरू झालेला असतो. तंबोरा मैफलभर कोठेही गेलेला नसतो. येथे परत येण्याचा आनंद आहे, कारण येथे दूर जाणे आहे. किराणा घराण्याच्या आलापीत स्वराजवळ थांबून राहण्याचे जे सुख मिळते त्याच्याशी या सुखाचे नाते आहे. तथापि दोन्ही एक नव्हेत.

येथे आपल्या सौंदर्यविचाराची साधने कितपत उपयोगी पडतात हेही पाहिले पाहिजे. ज्या १९६१ साली हे मुद्रण झाले त्याच साली आपल्याकडे वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ प्रसिद्ध झाले. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये प्रत्येक घराण्याचे स्थान कोठे आहे, किराणा स्वराच्या बाजूस आणि आग्रा लयीच्या बाजूस कसे, हे त्यांनी दाखवून दिले. संगीतसमीक्षेला मोजपट्टी देणारा हा ग्रंथ आहे. ही मोजपट्टी एव्हान्सला लावली तर तो स्वराकडे झुकलेला दिसेल. पण त्याच्या वादनातले जे मर्म आहे, एका स्वराखाली दुसरा ठेवला असता पहिल्याचा रंग बदलणे, त्याला या रेषेवर जागा नाही. कारण आपल्या संगीतात स्वर एकामागून एक येतात. त्यासाठी निराळी, उभी रेषा काढावी लागेल. उलट मर्ढेकरांच्या लयविचाराचा येथे अधिक उपयोग होतो. संवाद, विरोध आणि समतोल ही जी तीन तत्त्वे त्यांनी सांगितली ती त्यांनी विशुद्ध संवेदनांच्या संघटनेसाठी सांगितली, आणि ती एकामागून एक येणाऱ्या संवेदनांइतकीच एकाच वेळी येणाऱ्या संवेदनांनाही लागू पडावीत. पियानो व बास एका स्वरसंघात मिळतात तो संवाद. लाफॅरो अपेक्षित स्वर टाळून वरच्या सप्तकात प्रतिचाल काढतो तो विरोध. आणि मोशन ठेका ठासून न धरता त्या दोघांमधील अंतर राखतो तो समतोल. मर्ढेकरांच्या उपपत्तीला साहित्यात जे आक्षेप घेतले गेले ते पुष्कळ अंशी रास्त आहेत, कारण शब्द हा केवळ संवेदना नव्हे. पण ती उपपत्ती ज्या कलेकडे डोळे लावून रचली गेली होती त्या कलेत ती चांगली कामास येते, एवढे या श्रवणातून मला नमूद करावेसे वाटते.

आता एका अडचणीच्या बाबीकडे येतो. हे मुद्रण क्लबातले असल्याने त्यात वादकांखेरीज इतर आवाज आहेत. पेले एकमेकांवर आपटतात, कोणी हसते, मागे बोलणे चालू असते. जी कलाकृती वातावरणासाठी नावाजली गेली तिच्यात हा गोंगाट दोष मानावा की गुण? पुष्कळ जाणकार तो गुण मानतात. त्यामुळे आपण त्या तळघरात जाऊन बसल्यासारखे वाटते, असे ते म्हणतात. मला हे सर्वस्वी पटत नाही. पेल्यांचा किणकिणाट म्हणजे प्रसंगाचे वातावरण. पियानोतील न वाजविलेला मूळ स्वर म्हणजे कृतीचे वातावरण. पहिले योगायोगाने आले, दुसरे घडविलेले आहे, आणि समीक्षकाने त्यांची गल्लत करू नये. मी कोसाडला राहतो. सुरतेहून उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे हे स्टेशन असल्याने रात्रीही गाड्या धडधडत जातात. ‘सम अदर टाइम’ ऐकताना अनेकदा मालगाडीचा आवाज त्यात मिसळला, आणि खरे सांगावयाचे तर तोही मला त्या वेळी रमणीय वाटला. पण मालगाडीचे श्रेय एव्हान्सला देता येणार नाही. ज्याप्रमाणे ती माझ्या खोलीची, त्याप्रमाणे ते पेले त्या तळघराचे. एक गोष्ट मात्र त्या पेल्यांमुळे कळते : समोर बसलेल्यांपैकी काही जण ऐकत नव्हते, आणि तरीही वादकांनी आवाज चढविला नाही. लक्ष न देणाऱ्या वर्गापुढे शांतपणे शिकवीत राहणे किती अवघड असते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. या मुद्रणानंतर अवघ्या ११ दिवसांनी, ६ जुलै १९६१ रोजी, लाफॅरो मोटार अपघातात मरण पावला. त्याचे वय २५ होते. एव्हान्सला हा आघात इतका लागला की पुढील काही महिने त्याने सार्वजनिक वादन जवळजवळ बंद ठेवले. आधी निघालेल्या ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये लाफॅरोचे वादन ज्यात विशेष उठून दिसते अशा रचना मुद्दाम निवडल्या होत्या, तिची पहिली व शेवटची रचना त्याच्याच आहेत. ही हकीगत या मुद्रिकांविषयीच्या बहुतेक प्रत्येक लेखात सांगितलेली असते, आणि ती सांगितल्यावर लेखकाला या संगीतात हटकून मृत्यूची छाया दिसू लागते.

माझ्या बाबतीत घडले ते असे. पहिली पाच-सहा श्रवणे होईपर्यंत मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. ती कळल्यावर मी त्याच रात्री ‘माय फूलिश हार्ट’ पुन्हा लावली, आणि लाफॅरोचा प्रत्येक खोल स्वर मला निरोपासारखा वाटू लागला. मी फार हलून गेलो. दुसऱ्या दिवशी शांत मनाने विचार केला तेव्हा मला स्वतःचाच संशय आला. वाजविणाऱ्याला आपले मरण ठाऊक नव्हते. जे स्वर आदल्या दिवशी मला भक्कम आणि खुशाल वाटले होते ते रात्रीतून बदलले नव्हते. बदल माझ्या माहितीत झाला होता. म्हणून मी मुद्दाम ‘माय रोमान्स’ आणि ‘माइलस्टोन्स’ या दोन रचना ऐकल्या. ‘माइलस्टोन्स’मध्ये लाफॅरो इतका खेळकर, इतका बडबडा आहे की शोकाला तेथे पाय टेकावयास जागा मिळत नाही. छाया खरोखर स्वरांत असती तर ती तेथेही सापडली असती.

आपल्या साहित्यात बालकवींच्या बाबतीत असेच झाले आहे. १९१८ मध्ये रेल्वेखाली सापडून त्यांचा अकाली अंत झाला, आणि त्यानंतर ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता कितीकांनी मृत्यूच्या सूचनेसारखी वाचली. तेथेही कवीने केले आहे ते इतकेच की रंग, रेषा आणि जागा नेमक्या मांडून एक दृश्य उभे केले आहे. त्या नेमकेपणातून जे गूढ पसरते ते कवीच्या चरित्रावाचून उभे राहते. चरित्राला समीक्षेत स्थानच नाही असे मी म्हणत नाही. लाफॅरोची हकीगत कळली नसती तर मी बास इतक्या लक्षपूर्वक पुन्हा ऐकला नसता. चरित्र आपणास कृतीकडे परत पाठवू शकते, आणि ते त्याचे मोठे उपकार आहेत. पण कृतीत जो स्वर नाही तो त्याने तेथे घालू नये. मृत कलावंताविषयीच्या करुणेला आपण रसास्वाद समजू लागलो म्हणजे करुणाही खोटी ठरते आणि आस्वादही. लाफॅरोचा खरा सन्मान त्याने पंचविसाव्या वर्षी बासला सोबत्याच्या जागेवरून संभाषणात कसे आणले हे ऐकण्यात आहे.

या मुद्रिकेत दोष नाहीत असे नव्हे. भावांची कक्षा अरुंद आहे. सहाही रचना एकामागून एक ऐकल्या तर तिसरीपाशी, म्हणजे ‘डिटूर अहेड’पाशी, कान थोडा जडावतो, मंद लयीतील रचना एकमेकींजवळ ठेवल्याचा हा परिणाम असावा. ‘माइलस्टोन्स’मध्ये बासचा उत्साह मला अतिरेकी वाटला, तेथे संभाषणाचे मधूनमधून भाषण होते. आणि एव्हान्सच्या स्वरसंघांना सौंदर्याची इतकी सवय आहे की एखादा कठोर, ओबडधोबड आघात यावा अशी इच्छा कधी कधी होते. जॅझमध्ये जो रांगडा जोम आहे, ज्यातून त्या कृष्णवर्णीय समाजाचे दुःख आणि उद्दामपणा व्यक्त झाला, तो शोधणाऱ्याने येथे येऊ नये. या मुद्रिकेचे मोल निराळ्या ठिकाणी आहे. वातावरण ही कृतीवर पसरलेली अस्पष्ट गोष्ट नसून ती अत्यंत स्पष्ट निवडींची फलश्रुती असते, हे तिच्या इतके उघडपणे दाखविणारी उदाहरणे मला थोडी ठाऊक आहेत.

शेवटी वर्गातला एक अनुभव सांगतो, कारण या लेखाचे मूळ त्यात आहे. मी नववीच्या मुलांना ‘सम अदर टाइम’ नाव न सांगता ऐकविली आणि ‘काय ऐकले ते लिहा’ असे सांगितले. खानदेशातून सुरतेच्या यंत्रमागांवर पोटासाठी आलेल्या कुटुंबांतली ही मुले. शांतता त्यांच्या घरी दुर्मीळच. बहुतेकांनी ‘पाऊस’, ‘रात्र’, ‘आईची आठवण’ असे लिहिले, आणि काहींनी ते फार चांगल्या शब्दांत लिहिले. एका मुलीने मात्र यादी केली होती : एक जाड आवाज दोन जागी आलटून पालटून येतो, मधे तो थोडा वेळ हरवतो आणि पुन्हा येतो, कोणीतरी झाडू मारल्यासारखे करते, मागे भांडी वाजतात, शेवटी आवाज संपत नाही, लहान होत जातो. मी त्या वेळी पहिल्या प्रकारच्या लिखाणाला अधिक गुण दिले, आणि त्या मुलीच्या वहीवर ‘भाव लिहावेत’ असा शेरा मारला.

तो शेरा मी नंतर खोडला. पाऊस आणि रात्र लिहिणाऱ्या मुलांनी स्वतःला ऐकले होते. त्यातही काही गैर नाही, कारण तेथूनच सर्वांचा आरंभ होतो. पण रचना ऐकली होती ती त्या मुलीने. तिच्या यादीत ‘वातावरण’ हा शब्द नव्हता, आणि ज्या पाच गोष्टी होत्या त्यांतील भांडी सोडली तर उरलेल्या चारांनीच ते वातावरण बनलेले होते. तिला ती भांडीही वेगळी काढता आली असती; मी तसे विचारले नाही, ही माझी चूक. पुढच्या वेळी ती रचना वर्गात लावीन तेव्हा हाच प्रश्न प्रथम विचारावयाचा असे मी ठरविले आहे.